बखरीवर अविश्वास, चित्रफितीवर श्रद्धा

काही दिवसांपूर्वी आमच्या जिल्ह्यात एक चर्चासत्र झाले. विषय होता 'युद्धानुभव आणि मराठी साहित्य'. एका अभ्यासू वक्त्यांनी भाषणाच्या अखेरीस पडद्यावर काही जुनी दृश्ये दाखविली. मुंबईच्या गोदीवर उठलेला १९४४ सालचा धूर, कोसळलेल्या वखारी, रस्त्यातून धावणारी माणसे आणि त्याच दमात जोडलेले एका पलटणीचे संचलन, असा तो सारा मिळून पाच-सहा मिनिटांचा ऐवज होता. दृश्ये संपल्यावर वक्ते म्हणाले की मराठी कादंबरीला जे उभ्या आयुष्यात साधले नाही ते या मुक्या चित्रफितीने पाच मिनिटांत साधले आहे. येथे निवेदक नाही, म्हणून येथे खोटेही नाही. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. प्रस्तुत लेखकाने उठून तीन प्रश्न विचारले: ही दृश्ये कोणी टिपली, ती कोणी कापली, आणि त्यांवरचा मूळ आवाज कोणत्या भाषेत होता? उत्तर मिळाले नाही. अध्यक्षांनी चहाची वेळ झाल्याचे लक्षात आणून दिले.

वक्त्यांविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. त्यांनी जे बोलून दाखविले ते आज मराठी समीक्षेतील बऱ्याच जणांना मनातून वाटते, म्हणूनच त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे. या मताचे दोन भाग आहेत. पहिला भाग असा की मराठी माणसाला युद्धाचा अनुभव नाही, सबब मराठीत युद्धसाहित्य नाही. दुसरा असा की चित्रफीत हा निखळ पुरावा आहे आणि साहित्यकृती ही रचना आहे. पहिला भाग अज्ञानातून येतो. दुसरा अधिक धोकादायक आहे, कारण तो विद्वत्तेच्या वेशात येतो.

प्रथम त्या धुराचीच हकिगत पाहू. 'फोर्ट स्टिकिन' हे मालवाहू जहाज १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीत चढविलेल्या रुईच्या हजारो गाठी होत्या. १४ एप्रिलला दुपारी रुईने पेट घेतला. चारनंतर काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. युद्धकाळ असल्याने बातमीवर सरकारी पहारा होता. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ही बातमी सविस्तर सांगितली, पण हिंदुस्थानातील वार्ताहरांना ती बाहेर पाठविण्याची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. सुधीश घटक या छायालेखकाने स्फोट आणि त्यानंतरचा विध्वंस यांचे चित्रीकरण केले होते. लष्करी अधिकाऱ्यांनी ते जप्त केले. त्यातील काही भाग तेवढा पुढे वार्तापट म्हणून लोकांना दाखविण्यात आला.

'काही भाग' हे दोन शब्द आमच्या वक्त्यांच्या साऱ्या विवेचनाचा पाया उखडून टाकतात. आपण जे पाहतो ते कॅमेऱ्याने पाहिलेले नाही. कॅमेऱ्याने पाहिलेल्यांपैकी जे एका अधिकाऱ्याला दाखविण्याजोगे वाटले ते आपण पाहतो. वगळण्याचे काम ज्याने केले तोच या चित्रफितीचा निवेदक होय. कादंबरीतील निवेदक निदान वाक्यावाक्याला आपली चाहूल देतो. हा निवेदक कात्री हातात घेऊन पडद्यामागे बसला आहे आणि आपण त्याला वास्तव म्हणून नमस्कार करीत आहोत. खामगावच्या बाजारात ज्याने हयात घालविली त्याला विचारावे: दाबून बांधलेल्या गाठीत आग आत धुमसत असते आणि बराच काळ वरून काहीच दिसत नाही. पृष्ठभागावर जे दिसते तेच आतले सत्य मानण्याची चूक रुईचा व्यापारी करीत नाही. ती साहित्याच्या प्राध्यापकाने करावी, हे नवल आहे.

आता जरा व्यवस्थेकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात येथील सरकारने प्रथम फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड आणि नंतर, १९४३ पासून, 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' व 'इंडियन न्यूज परेड' या यंत्रणा उभ्या केल्या. एझ्रा मीर हे त्यांचे सूत्रधार होते. बोर्डाच्या कामात व्ही. शांताराम यांच्यासारखा मराठी दिग्दर्शकही काही काळ होता. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत ४४-अ हे कलम आले आणि प्रत्येक चित्रपटगृहाला प्रत्येक खेळात दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य चित्रफीत दाखविणे सक्तीचे झाले. दोन हजार फूट म्हणजे सुमारे बावीस मिनिटे. कच्च्या फितीच्या टंचाईमुळे कथापटाला अकरा हजार फुटांची, म्हणजे जेमतेम दोन तासांची, मर्यादा अगोदरच पडली होती. कथेला फीत मोजून मिळत होती आणि प्रचाराला प्रेक्षक सक्तीने मिळत होता. या बावीस मिनिटांचा परिणाम त्या काळच्या मराठी प्रेक्षकावर, आणि तोच पुढे वाचक व लेखक झाला म्हणून मराठी लेखनावर, काय झाला? या प्रश्नावर आमच्या विद्यापीठीय समीक्षेतील एखादा प्रबंध माझ्या वाचनात आलेला नाही. प्रतिमासृष्टीवर आणि मिथकांवर मात्र ढिगाने आहेत.

आणि भाषा? हे वार्तापट इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांतून निघत. त्यांत मराठी नव्हती. यंत्रणेचे ठाणे मुंबईत, स्फोट मुंबईत, आणि इटलीत लढणाऱ्या मराठा पलटणी मराठी मुलखातून भरती झालेल्या. तरी मराठीत निवेदन नाही. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबरच्या खोऱ्यात पडला. नामदेव जाधवने ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांच्या गावच्या माणसाला त्या रणभूमीची चित्रे पाहायची झाली तर ती त्याच्या भाषेत बोलत नव्हती. रणांगणावरची दृश्ये बहुधा मूकच टिपली जात आणि आवाज मागाहून चढविला जाई. तेव्हा शिपायाच्या ओठांची हालचाल दिसते, पण कानांवर पडतो तो कुण्या साहेबाच्या किंवा साहेबाच्या नोकराच्या वाणीतील मजकूर. माझ्या मते मराठी समीक्षेने येथून आरंभ करावयास हवा होता. प्रतिमा आपली आणि वाणी परक्याची, ही स्थिती भाषेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करीत नसेल तर दुसरे काय करणार?

समारंभांच्या दृश्यांविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. आपल्याकडे वार्ताचित्रणाचा आरंभच समारंभाने झाला. सावे दादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले आणि १९०३ साली कर्झनच्या दिल्ली दरबाराचेही केले. एक सोहळा परकीयांच्या परीक्षेत अव्वल आलेल्या आपल्या माणसाचा, दुसरा परकीय सत्तेच्या वैभवाचा. दोन्हींकडे कॅमेऱ्याने पाहिले असेल ते सारखेच: गर्दी, वाहने, पुष्पहार, उंच जागी उभी असलेली एक व्यक्ती आणि सखल जागी उभा असलेला समुदाय. समारंभ हा मुळातच पाहिला जाण्यासाठी रचलेला असतो. त्याचे चित्रण म्हणजे रचनेची रचना. त्यातून इतिहास सरळ हाती लागतो असे मानणे म्हणजे लग्नाच्या आल्बमवरून संसाराचा निवाडा करणे होय.

लढाईच्या दृश्यांची कथा निराळी नाही. १९१६ साली लंडनमध्ये झळकलेल्या 'बॅटल ऑफ द सोम' या चित्रपटातील, खंदकातून शिपाई वर चढतात आणि त्यांतील काही कोसळतात ते गाजलेले दृश्य रणभूमीवर टिपलेले नसून मागाहून घडवून आणलेले होते, हे आता सर्वमान्य आहे. फ्रान्समधील हिंदी सैनिकांचे १९१५ साली गर्डवुड या छायालेखकाने केलेले चित्रणही बरेचसे असेच आघाडीच्या पिछाडीला मांडलेल्या प्रसंगांचे होते. खंदकातील मरण कॅमेऱ्यासाठी थांबत नाही आणि त्या काळचा अवजड कॅमेरा मरणाच्या जवळ जाऊ शकत नव्हता. म्हणून प्रसंग मांडावे लागले. यात कोणाची अप्रामाणिकता शोधण्याचे कारण नाही. पण मग 'निवेदक नाही' हे म्हणणे कोणत्या तोंडाने करावयाचे? अलीकडे, २०१८ साली, पीटर जॅक्सन यांनी पहिल्या महायुद्धाच्या अशाच चित्रफिती रंगवून, वेग सुधारून आणि आवाज चढवून एक चित्रपट सादर केला. तो पाहून अनेकांना इतिहास जिवंत झाल्यासारखे वाटले. त्यात मेसोपोटेमिया नाही. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत कुतच्या वेढ्यात सापडलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी उपासमार सोशीत होत्या; त्या या जिवंत झालेल्या इतिहासात नाहीत. रंग चढला तो आधी निवडलेल्यांवरच.

येथे मराठी परंपरेकडे वळणे मला अगत्याचे वाटते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडाला प्रस्तावना लिहून बखरींच्या विश्वसनीयतेचे जे वाभाडे काढले, त्याने आमच्या विद्वानांना एक संशयबुद्धी दिली. बखर कोणी लिहविली, कोणाच्या आज्ञेवरून, प्रसंगानंतर किती वर्षांनी, या प्रश्नांना तेव्हापासून टाळता आले नाही. पुढच्या पिढ्यांतील साहित्याभ्यासकांनी त्यात मोलाची भर घातली. त्यांनी दाखवून दिले की 'भाऊसाहेबांच्या बखरी'त पानिपतचा तपशील ठिकठिकाणी चुकत असला तरी पराभवाचा आकांत ज्या भाषेत उमटतो ती भाषा स्वतःच एक साक्ष आहे. बखर खोटी म्हणून फेकावयाची नाही आणि खरी म्हणून पुजावयाचीही नाही. ती कोणासाठी व कशी रचली गेली हे ध्यानात ठेवून वाचावयाची, ही वाचनाची रीत मराठीने स्वकष्टाने मिळविली आहे. त्यासाठी तिला पॅरिसहून कोणी निमंत्रणपत्रिका धाडली नव्हती. ज्यांनी ही रीत कमावली त्यांचेच वारस आज चित्रफीत समोर येताच हात जोडतात. आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीवर अविश्वास आणि आज्ञेवरून काढलेल्या वार्तापटावर श्रद्धा, या विसंगतीचे समर्थन कसे करणार?

पोवाड्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, तुळशीदासाने सिंहगडाचा. दोन्ही आश्रयाने झालेल्या रचना आहेत आणि दोन्हींत स्तुती आहे. पण शाहीर आपले नाव रचनेत गुंफतो आणि कोणाच्या पदरी आहे तेही लपवीत नाही. ऐकणाऱ्याला ठाऊक असते की हे अमक्याचे गाणे, अमक्याच्या दरबारचे. वार्तापटाला अशी नाममुद्रा नसते. तेथे यंत्रणेचे चिन्ह येते, वाद्ये वाजतात आणि नंतर जणू काही जगच आपणहून बोलू लागते. शिवाय पोवाडा लढणाऱ्याचे नाव घेतो. तानाजीचे घेतो, सूर्याजीचे घेतो, शेलारमामाचे घेतो. वार्तापटात पलटणीचा उल्लेख असतो, पाहणी करणाऱ्या साहेबाचे नाव असते, शिपायाला बहुधा नाव नसते. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचे स्मारक उभे आहे. त्या गावच्या एखाद्या म्हातारीला आपला माणूस चित्रफितीत दिसला असता तर तिने त्याला चालीवरून ओळखले असते. संग्रहालयाच्या नोंदवहीला मात्र तो ओळखू येणार नाही.

आणि 'मराठीत युद्ध नाही' म्हणणाऱ्यांना काय सांगावे! अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला तो युद्ध चालू असतानाच. वाटेगावहून मुंबईत आलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला एक मातंग तरुण व्होल्गाकाठची लढाई गिरणगावातील कामगारांपुढे डफावर उभी करतो, आणि आमचे समीक्षक म्हणतात की मराठीला युद्धाचा स्पर्श नाही. हा पवाडा पक्षाच्या भूमिकेतून लिहिलेला आहे हे उघड आहे. तोच तर मुद्दा: ते उघड आहे. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' १९३९ ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर, हद्दपार ज्यूंच्या सहवासात, प्रत्यक्ष युद्धाला तोंड फुटण्यापूर्वीच या कादंबरीने युद्धाचे सारे वैर माणसांच्या अंतःकरणात पाहिले. लेखक चित्रपटव्यवसायातला होता. कॅमेरा काय दाखवू शकतो हे त्याला आपल्यापेक्षा अधिक कळत होते. आणि जे कॅमेऱ्याला दाखविता येणार नाही ते सांगण्यासाठी त्याने कादंबरी लिहिली, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मर्ढेकरांविषयी माझे म्हणणे कदाचित पटणार नाही, तरी नोंदवितो. 'काही कविता' १९४७ मध्ये आल्या. त्यांतील तुटक शब्दरचना, इंग्रजी व कारकुनी शब्दांची घुसखोरी, प्रार्थनेच्या लयीत शिरलेला यंत्राचा ठोका यांचे स्पष्टीकरण आपण 'यंत्रयुग' आणि 'महानगरीय संवेदना' या दोन किल्ल्यांनी करतो आणि कुलूप उघडले असे मानतो. पण हा कवी सरकारी नभोवाणीत नोकरी करीत होता. ही कविता ज्या काळातून आली तो दिवाबंदीचा, १९४३ पासून मुंबईत सुरू झालेल्या रेशनिंगचा आणि बातमी दडपण्याचा काळ होता. सरकारी आवाज कसा तयार होतो हे तो आतून जाणत होता. माझ्या वाचनानुसार त्याची मोडलेली भाषा ही त्या अखंड, गुळगुळीत, सदैव विजयी निवेदनाला दिलेली झुंज आहे. वार्तापट आणि 'काही कविता' शेजारी ठेवून वाचल्याखेरीज ही झुंज दिसत नाही. आपण त्या शेजारी ठेवीतच नाही, कारण एक 'पुरावा' आणि दुसरे 'साहित्य' अशी दोन कपाटे आपण करून ठेवली आहेत.

माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सर्वच रचना असेल तर मेलेले मेले हेही रचनाच काय? काही नवशिके चिन्हमीमांसक हे म्हणायला कमी करणार नाहीत. त्यांच्या पंगतीला मी बसू इच्छित नाही. रोलां बार्थने १९८० साली छायाचित्राविषयी मांडलेला विचार येथे उपकारक आहे: छायाचित्रातील वस्तू कधीतरी भिंगासमोर खरोखर होती, एवढे नाकारता येत नाही. गोदीवरचा तो धूर होता. धावणारी माणसे होती. कात्रीने जेवढे ठेवले तेवढ्यातही कात्रीवाल्याच्या लक्षात न आलेले काही उरते. संचलनातला एखादा शिपाई क्षणभर भिंगाकडे पाहतो, चौकटीच्या कडेला कोणी बाई मुलाला ओढून बाजूला घेते, मागच्या भिंतीवर अर्धी पुसलेली जाहिरात असते. हे आदेशात नव्हते आणि आदेशाने ते पुसताही आले नाही. साहित्यसमीक्षा जशी कवितेतील अनपेक्षित शब्दावर थांबते तशी ती येथे थांबली पाहिजे. श्रद्धाळू माणूस येथे थांबत नाही, कारण त्याला सर्वच खरे वाटते; आणि सर्वसंशयी माणूसही थांबत नाही, कारण त्याला सर्वच खोटे वाटते.

देशीवादी मित्रांनाही एक सांगणे आहे. त्यांनी परभृत सिद्धान्तांविरुद्ध केलेली तक्रार मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पण आपल्या भूमीतील माणसांची परक्यांनी काढलेली चित्रे परक्यांच्याच कोठारात पडून आहेत, त्यांची वर्णने इंग्रजीत आहेत, आणि २०१० मध्ये पुऱ्या झालेल्या एका ब्रिटिश प्रकल्पाने वसाहतींच्या सहा हजारांवर चित्रपटांची सूची करून टाकली, तेव्हा आपण कोठे होतो? जात्यावरच्या ओव्यांइतकाच हाही आपला ऐवज आहे. येथे 'हे तर सिनेमावाल्यांचे काम' असे म्हणून अंग काढून घेणे सोयीचे आहे. पण सूचीत शिपायाला जे नाव दिले जाते, पलटणीच्या नावापुढे जे विशेषण लागते, ते भाषेचेच कृत्य आहे.

बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फ येथील छावणीत १९१५ ते १९१८ या काळात जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी युद्धकैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. मल सिंग नावाच्या शिपायाने १९१६ साली तेथे आपल्या घरच्या आठवणीचे चार शब्द बोलून ठेवले. ते शास्त्रज्ञांना उच्चाराचा नमुना म्हणून हवे होते, पण आज आपण ते एका माणसाचे बोलणे म्हणून ऐकतो. तेथे आवाज आहे आणि हलते चित्र नाही. आपल्या वार्तापटांत हलते चित्र आहे आणि माणसाचा आवाज नाही. या दोहोंमधील फट शब्दांनीच भरावी लागते, आणि शब्दांचा व्यवहार हे आपले क्षेत्र आहे.

जे उरले आहे तेही किती काळ उरेल याची खात्री नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटच्या हजारो रिळांची राख झाली. १९४६ मध्ये कायदेमंडळाने खर्च नाकारल्यावर इन्फर्मेशन फिल्म्स बंद पडली, आणि १९४७ च्या ऑगस्टात स्वातंत्र्याचा क्षण टिपण्यास सरकारजवळ स्वतःचे पथकच नव्हते. फिल्म्स डिव्हिजन आली ती १९४८ मध्ये. परक्याच्या युद्धाची चित्रे मुबलक आणि आपल्या स्वातंत्र्याची तुटपुंजी, अशा संग्रहाकडे 'निखळ पुरावा' म्हणून पाहायचे असेल तर खुशाल पाहावे.

चर्चासत्रानंतरच्या सोमवारी मी तीच पाच-सहा मिनिटे एम. ए. च्या वर्गात आवाज बंद करून दाखविली आणि विद्यार्थ्यांना मराठीत निवेदन लिहावयास सांगितले. बहुतेकांनी वीररसाची चार वाक्ये लिहिली. शाळेपासून आपण त्यांना तेच शिकविले आहे. लोणारकडच्या एका विद्यार्थिनीने निवेदन लिहिलेच नाही. तिने प्रश्न लिहून दिले: या मालाच्या गाठी वाहणारे हमाल कोणत्या गावचे, त्या दिवशीची मजुरी त्यांना मिळाली का, आणि सोन्याच्या विटा परत मिळाल्याची हकिगत सर्वांना ठाऊक आहे तर यांची का नाही. तिच्या कागदावर मी गुण दिलेले नाहीत. पुढच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात तो कागद कोठे बसवावा याचा विचार करीत आहे. मंडळाच्या बैठकीत त्याला 'साहित्यबाह्य' ठरविणारे सभासद कोण असतील, हेही मला ठाऊक आहे.